सुटींतील ऊन आणि अंगावरील पुरळ

परीक्षा संपून मे महिना लागला कीं शहरांतील बिऱ्हाडें हळूहळू रिकामीं होऊं लागतात. कोणी कोंकणांत आजोळीं जातें, कोणी गोव्याच्या किनाऱ्यावर, कोणी महाबळेश्वरास, तर कोणी थेट काश्मीर-मनालीचा रस्ता धरतें. अशाच एखाद्या कुटुंबाचें उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. वर्षभर मुंबईंत शाळा आणि शिकवणी यांच्या चार भिंतींत वावरलेली पंधरा वर्षांची मुलगी रत्नागिरीकडील आजोळीं येते. पहिला सबंध दिवस समुद्रकांठच्या वाळूंत जातो. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तिच्या दंडांवर, मनगटांच्या वरच्या बाजूस आणि गळ्याखालीं मोहरीएवढ्या बारीक पुटकुळ्या उठतात आणि रात्रभर कंड सुटते. आजी म्हणते, आंबा बाधला. काका म्हणतात, खारें पाणी अंगावर वाळलें. शेजारच्या काकू पित्त उठल्याचें सांगून आमसुलाचा कोळ चोळावयास देतात. आई पिशवींतून कोणीतरी सुचविलेली मलमाची नळी काढते. मुलगी मात्र आरशापुढें रडकुंडीस येते, कारण मामेबहिणीचें लग्न चार दिवसांवर आलेलें असतें. चौघांचीं चार निदानें झालीं. खरें कारण मात्र पांचवेंच असण्याचा संभव अधिक.

उन्हानें उठणारें पुरळ हा एक रोग नव्हे. कातडीवर दिसणाऱ्या पांचसहा निरनिराळ्या विकारांस घरांत हें एकच नांव मिळतें, आणि सर्वांवर एकच उपाय होऊं लागतो. त्यांतील बहुतेक विकार आठपंधरा दिवसांत आपोआप जाणारे आहेत. एखादा मात्र असा आहे कीं त्याकडे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडापर्यंत इजा पोहोंचावी. म्हणून औषधाची नळी हातीं घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारण्याची संवय घरोघरीं लागली पाहिजे. पुरळ उन्हांत गेल्यावर किती वेळानें उठलें? अंगाच्या कोणत्या भागावर उठलें? आणि त्यापूर्वीं कातडीस काय लागलें किंवा पोटांत कोणतें औषध गेलें? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मेंअधिक निदान असतें.

प्रथम उन्हाचीच थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. १८०१ सालीं जर्मनींतील येना येथें योहान रिटर या शास्त्रज्ञानें चांदीच्या क्षाराचा लेप दिलेला कागद सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यांत धरला. तेव्हां जांभळ्या रंगाच्याहि पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें तेथें, तो कागद सर्वांत लवकर काळा पडला. डोळ्यांस न दिसणारे ते किरण म्हणजे अतिनील किरण होत. त्यांच्या तीन जाती मानतात. ‘सी’ जातीचे किरण वातावरणांतच अडतात. ‘बी’ जातीचे, म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे किरण कातडीच्या वरच्या थरास भाजतात. ‘ए’ जातीचे, ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे किरण जमिनीपर्यंत फार मोठ्या प्रमाणांत पोहोंचतात व कातडींत अधिक खोल शिरतात. साधी खिडकीची कांच ‘बी’ किरणांस बहुतेक अडविते. ‘ए’ किरणांचा बराच भाग मात्र तींतून आंत येतो. मोटारीच्या बंद खिडकीशीं बसून दिवसभर प्रवास केलेल्या माणसाच्या एकाच दंडावर पुरळ उठतें, त्याचें इंगित हें आहे.

आतां सुटीचा महिना आणि सूर्याचें स्थान यांचा मेळ पाहावा. मे महिन्याच्या आरंभीं गोव्यांत आणि सुमारें १५ मे रोजीं मुंबईंत मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. ज्या पंधरवड्यांत शहरांतील माणसें किनाऱ्यावर धांवतात, त्याच पंधरवड्यांत ऊन सर्वांत सरळ पडत असतें. शिवाय घड्याळांतील बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. मुंबईंत त्या दिवसांत खरा मध्यान्ह बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणून ‘बारा वाजून गेले, आतां ऊन उतरेल’ हा हिशेब चुकतो. दहापासून चारपर्यंतचें ऊन जपण्याजोगें समजावें. घड्याळाहून सोपें साधन म्हणजे स्वतःची सावली. सावली उंचीपेक्षां आखूड असेल, तोंवर अतिनील किरण प्रखर आहेत असें धरून चालावें.

थंड हवेच्या ठिकाणीं तर माणूस हमखास फसतो. ऊन चटकत नाहीं, वारा गार लागतो, म्हणून तो डोकें उघडें टाकून हिंडतो. परंतु उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या वस्तु आहेत. दर हजार मीटर उंचीस या किरणांची तीव्रता सुमारें दहा टक्क्यांनीं वाढते. मनालीहून रोहतांगच्या सुमारें चार हजार मीटर उंचीवर चढलेल्या प्रवाशावर एकतर हा मारा वाढतो, आणि त्यांत ताजा बर्फ सुमारें ऐंशीं टक्के किरण खालून परत फेंकतो. म्हणून तेथें हनुवटीच्या खालीं आणि नाकपुड्यांच्या कडेलाहि कातडी भाजते. डोळ्यांवर काळा चष्मा नसेल तर डोळेहि भाजून निघतात. कोरडी वाळू पंधरा टक्क्यांच्या आसपास, तर समुद्राचा फेंस सुमारें पंचवीस टक्के किरण परतवितो. छत्रीखालीं बसूनहि माणूस करपतो तो यामुळें. पातळ ढगांतूनहि बराचसा भाग खालीं येतोच.

इतकी माहिती झाल्यावर पुरळाचे प्रकार वेगळे काढणें सोपें जातें. पहिला प्रकार साध्या भाजण्याचा. उन्हांत गेल्यापासून दोनचार तासांनीं आग होऊं लागते, बारा ते चोवीस तासांत ती शिगेस पोहोंचते आणि कांहीं दिवसांनीं कातडीचे पापुद्रे सुटतात. गोऱ्या कातडीवर लाली स्पष्ट दिसते. आपल्याकडील गव्हाळ व सावळ्या कातडीवर ती लपते. केवळ स्पर्शास ऊन लागणारी, हात लावतांच दुखणारी आणि गडद झालेली कातडी दिसते. त्यावरून ‘आम्हांला ऊन भाजत नाहीं, आम्ही नुसते रापतों’ असा समज रूढ झाला आहे. सावळ्या कातडीस तिच्या रंगद्रव्याचें मोठें संरक्षण आहे, यांत शंका नाहीं. पण तें चिलखत अभेद्य नव्हे. उलट या कातडीवर झालेला कोणताहि दाह मागें काळे डाग ठेवून जातो, आणि ते डाग जाण्यास महिने लागतात.

दुसरा प्रकार वरील उदाहरणांतील मुलीचा. १९०० सालीं कार्ल राश या डॅनिश वैद्यानें त्यास ‘बहुरूपी प्रकाश-पुरळ’ या अर्थाचें नांव दिलें. यांत कांहीं तासांपासून एकदोन दिवसांपर्यंत विलंबानें बारीक पुटकुळ्या किंवा चट्टे उठतात आणि कंड अतिशय असते. एरवीं कपड्यांनीं झांकलेले व सुटींत एकाएकीं उघडे पडलेले भाग यांत सांपडतात: दंड, हातांची मागची बाजू, गळ्याखालचा त्रिकोण, मानेची मागील बाजू. चेहरा रोजच्या उन्हास सरावलेला असल्यामुळें पुष्कळदां वांचतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि बहुधा ऐन तारुण्यांत हा विकार प्रथम दिसतो. उन्हानें कातडींतील एखाद्या द्रव्यांत सूक्ष्म बदल होतो आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्या बदललेल्या द्रव्यास परकें समजून त्यावर चाल करून जाते, असें शास्त्रज्ञ मानतात. भारतांत या पुटकुळ्या तांबड्या न दिसतां कातडीच्याच रंगाच्या किंवा फिकट डागांसारख्या दिसतात. म्हणून त्यांस शिबें समजून भलतींच औषधें लावलीं जातात. ऊन टाळल्यास आठदहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, त्या व्रण न ठेवतां जातात. हा विकार संसर्गजन्य नाहीं, ही गोष्ट लग्नघरांत मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

तिसरें घामोळें. त्याचा दोष उन्हावर येतो, पण तें खरोखर घामाचें दुखणें आहे. दमट उकाड्यांत घामाच्या नळ्या तोंडाशीं बुजतात, घाम कातडीच्या आंत साचतो आणि टोंचरे दाणे उठतात. म्हणून घामोळें उघड्या हातांवर न उठतां पाठीवर, काखेजवळ, कमरपट्ट्याखालीं, म्हणजे झांकलेल्या जागीं अधिक दिसतें. वारा, गार पाण्याची आंघोळ आणि सैल सुती कपडे हेंच त्याचें औषध. त्यावर तेल किंवा दाट मलम थापल्यास नळ्या अधिकच बुजतात. आजीनें केलेला आंब्याचा आरोपहि अगदींच निराधार नव्हे. मात्र त्यांत आंब्याच्या गरापेक्षां देंठाजवळच्या चिकाचा दोष अधिक. त्यानें ओठांभोंवतीं व गालांवर, चीक लागला असेल तेवढ्याच जागीं फोड येतात. मनगटांवरच्या पुटकुळ्या त्यानें उठत नाहींत. आंबा देंठ काढून, चीक गाळून, धुवून खावा, ही जुनी शिस्त याच कारणानें शहाणपणाची आहे.

चौथा प्रकार फार थोड्यांस ठाऊक असतो. उन्हांत बसून लिंबें पिळलीं, हात न धुतां खेळणें चालू ठेवलें, आणि एकदोन दिवसांनीं हातांवर भाजल्यासारखे पट्टे उमटले, फोड आले, मग तपकिरी डाग राहिले, असें घडतें. लिंबाच्या सालींत व रसांत कांहीं द्रव्यें असतात, तीं ‘ए’ किरण पडतांच कातडीच्या पेशींस इजा करतात. यांत कोणाची प्रकृति नाजूक असण्याचा प्रश्न नाहीं. रस आणि प्रखर ऊन एकत्र आलीं कीं कोणाचीहि कातडी भाजते. ओघळाचा ओघळ, थेंबाचा थेंब असा आकार उठणें ही याची खूण आहे. आईनें लिंबू पिळलेल्या हातांनीं मुलास उचललें, तर त्याच्या पाठीवर बोटांचे वळ उमटतात, आणि पाहणाऱ्यास मुलास मारल्याचा संशय येतो. अंजिराच्या झाडाच्या चिकांतहि हाच गुण आहे. पांढऱ्या डागांवर बावची लावून उन्हांत बसविण्याचा आयुर्वेदांतील जुना उपाय याच गुणावर आधारलेला आहे. मात्र तो वैद्याच्या देखरेखीखालीं केला नाहीं तर कातडी भाजते. तात्पर्य, सरबत सावलींत करावें आणि हात साबणानें धुवावे. रापलेला चेहरा उजळावा म्हणून लिंबू चोळून उन्हांत जाणें हा तर स्वतःच्या हातानें डाग पाडून घेण्याचा मार्ग होय.

पांचवा प्रकार औषधांचा. कांहीं औषधें घेत असतां कातडी उन्हास एकाएकीं हळवी होते. तारुण्यपीटिकांवर, हिंवताप टाळण्यासाठीं आणि मुंबई-कोंकणाकडे साचलेल्या पाण्यांतून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठीं दिलें जाणारें डॉक्सिसायक्लिन हें त्यांतील प्रमुख. रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाच्या ठोक्यांवरील अमिओडॅरोन, सांधेदुखीवर चोळावयाचें कीटोप्रोफेन, आणि गंधकयुक्त सल्फा औषधें हींहि त्याच यादींत येतात. ऐकणाऱ्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशीं औषधें चालू असतील त्यांनीं तीं परस्पर बंद करूं नयेत. रक्तदाबाची गोळी अचानक सोडल्यानें होणारें नुकसान पुरळापेक्षां मोठें असतें. प्रवासास निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें, एवढेंच.

राहिले दोन प्रकार, आणि ते घरीं अंगावर काढण्याचे नव्हेत. पहिल्यांत उन्हांत पाऊल टाकल्यावर अवघ्या कांहीं मिनिटांत गांधी उठतात आणि सावलींत आल्यावर तासा-दोन तासांत मावळतात. क्वचित् त्यांच्यासह चक्कर येते व श्वास कोंडतो. तसें झाल्यास तात्काळ दवाखाना गांठावा. दुसरा प्रकार ल्यूपस या रोगाचा. त्यांत दोन्ही गाल व नाकाचा दांडा व्यापणारी, पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी लाली येते. ती आठवड्यांनीं मोजावी इतकी टिकते, आणि ऊन लागलें कीं वाढते. सोबत बोटांचे व मनगटांचे सांधे दुखतात, बारीक ताप राहतो, तोंडांत व्रण येतात, केस गळतात, थकवा जात नाहीं. हा रोग स्त्रियांत, त्यांतहि विशीच्या आसपासपासून चाळिशीपर्यंत, अधिक आढळतो. ‘सुटींत उन्हानें तोंड भाजलें’ असें म्हणून कित्येक महिने क्रीम लावण्यांत गेले, तर आंत मूत्रपिंडास सूज येऊन बसलेली असते. रक्ताची व लघवीची तपासणी केली तर तिचा सुगावा वेळेवर लागूं शकतो, आणि आज या रोगावर उपयुक्त औषधें आहेत. म्हणून साधा नियम असा कीं, चेहऱ्यावरील लाली दोन आठवड्यांनंतरहि टिकली, किंवा पुरळासह ताप अथवा सांधेदुखी असली, तर वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकूं नये.

आतां उपचार. पुरळ कोणतेंहि असो, पहिली गोष्ट म्हणजे सावलींत येणें आणि पुढचे कांहीं दिवस त्या भागावर ऊन न पडूं देणें. गार पाण्याची आंघोळ करावी, किंवा ओला पंचा दहापंधरा मिनिटें ठेवून काढावा. बर्फ थेट कातडीवर चोळूं नये. कॅलामाइनचें द्रावण थापून वाळूं दिल्यास कंड शमते. झोंप मोडण्याइतकी कंड असेल तर ती थांबविणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावी. फोड आले असतील तर ते फोडूं नयेत. वरची कातडी हीच त्यांवरची उत्तम पट्टी असते. टूथपेस्ट, लोणी, लिंबू, व्हिनेगर यांपैकीं कांहींहि लावूं नये. मूल तापानें फणफणलें, ओकूं लागलें, किंवा भाजलेला भाग फोडांनीं भरून गेला, तर घरगुती उपाय थांबवावे. माणूस बरळूं लागला, त्यास भोंवळ आली व अंग अतिशय तापलें, तर तें पुरळाचें दुखणें राहत नाहीं. तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत त्यास रुग्णालयांत न्यावें.

आईच्या पिशवींतील त्या नळीबद्दल दोन शब्द अवश्य आहेत. आपल्याकडे खाज, गजकर्ण, डाग व गोरेपणा या सर्वांसाठीं म्हणून जीं मिश्र मलमें शेजारपाजारच्या सल्ल्यानें घेतलीं जातात, त्यांतील पुष्कळांत तीव्र स्टेरॉइड असतें. पहिल्या दोन दिवसांत त्यानें जादूसारखा गुण येतो. म्हणूनच घरोघरीं त्याची शिफारस होते. परंतु चेहऱ्यावर तें आठवडेच्या आठवडे लावल्यास कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसूं लागतात, पुटकुळ्या येतात, नको तेथें लव वाढते, आणि तीच कातडी पुढें थोड्याशा उन्हानेंहि पेटते. मलम थांबविलें कीं आग वाढते, म्हणून पुन्हां तेंच लावावें लागतें. योग्य शक्तीचें स्टेरॉइड, योग्य जागीं, थोडेच दिवस, आणि डॉक्टरांनीं सांगितल्यावर घेतलें, तर तें उत्तम औषध आहे. शेजारणीच्या सल्ल्यानें मुलीच्या गालास लावण्याची मात्र ती वस्तु नव्हे.

टाळण्याचे उपाय तीन, आणि त्यांचा क्रमहि महत्त्वाचा. पहिला उपाय वेळेचा: समुद्रस्नान व भटकंती सकाळीं नऊच्या आंत किंवा सायंकाळीं साडेचारनंतर. दुसरा वस्त्रांचा. घट्ट विणीचें, गडद रंगाचें, सैल व लांब बाह्यांचें कापड झिरझिरीत पांढऱ्या मलमलीहून अधिक किरण अडवितें. पांढरें सुती कापड ओलें झालें कीं त्याची अडविण्याची शक्ति आणखी घटते. पुढें छोटी झडप असलेली टोपी कान व मान उघडी टाकते. चहूं बाजूंनीं कांठ असलेली टोपी बरी. शेतांत राबणाऱ्या बाया डोक्यावरून पदर घेऊन तो कानांमागून मानेवर आणतात, त्यांत हीच सोय साधलेली असते.

तिसरा उपाय सनस्क्रीनचा, आणि तो पहिल्या दोहोंची जागा घेऊं शकत नाहीं. डबीवरील ‘एस्.पी.एफ्.’ हा आंकडा मुख्यतः ‘बी’ किरणांनीं होणाऱ्या भाजण्याविषयीं असतो. तीसचा आंकडा असतां भाजणाऱ्या किरणांचा सुमारें तिसावा भाग आंत येतो. परंतु ही कसोटी दर चौरस सेंटिमीटरास दोन मिलिग्रॅम इतका जाड थर देऊन घेतलेली असते. प्रत्यक्षांत माणसें त्याच्या निम्म्याहूनहि कमी लावतात आणि मग क्रीमला दोष देतात. प्रौढ माणसाच्या सबंध उघड्या अंगास सुमारें तीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा चमचे, लागतात. तें बाहेर पडण्यापूर्वीं लावावें, दर दोन तासांनीं आणि पाण्यांतून बाहेर आल्यावर पुन्हां लावावें. बहुरूपी पुरळ पुष्कळांत ‘ए’ किरणांमुळेंच उठत असल्यानें, अशा माणसांनीं त्या किरणांपासूनहि संरक्षण देणारें, म्हणजे ‘पी.ए.’ या खुणेपुढें तीनचार अधिक चिन्हें असलेलें सनस्क्रीन निवडावें. क्वचित् क्रीममधील सुगंधानेंच पुरळ उठतें. म्हणून नवी डबी निघण्यापूर्वीं चारपांच दिवस कोपराच्या आंतल्या बाजूस लावून पाहावी. सहा महिन्यांखालील बाळास क्रीमपेक्षां सावली हेंच संरक्षण.

यावरून उन्हास वैरी मानण्याचें कारण नाहीं. ‘ड’ जीवनसत्त्व कातडींत तयार होतें तें उन्हामुळेंच, आणि बहुरूपी पुरळाच्या बाबतींत तर ऊन हाच पुढें उपाय ठरतो. थोड्या थोड्या उन्हाची संवय झाली कीं कातडी सरावते आणि पुढें पुरळ उठेनासें होतें. ज्यांना दरवर्षीं फार त्रास होतो, त्यांना कातडीचे डॉक्टर मोसमापूर्वीं कांहीं आठवडे मोजूनमापून कृत्रिम प्रकाश देऊन असा सराव करवितात.

त्या मुलीच्या बाबतींत पहिल्या वर्षीं लग्नास लांब बाह्यांचा पोलका शिवून घेण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. पुटकुळ्या मात्र दहाव्या दिवशीं गेल्या. पुढील सुटीपूर्वीं तिनें गच्चीवर सकाळच्या कोंवळ्या उन्हांत रोज थोडी थोडी मुदत वाढवीत बसण्याचा परिपाठ ठेवला. कोंकणांत पहिले तीन दिवस लांब बाह्या घालून, मध्यान्हीं घरांतच राहून काढले. चौथ्या दिवशीं मनगटांवर पांचसहा पुटकुळ्या आल्या, आणि दोन दिवसांत गेल्या. आईनें तारीख, जागा आणि किती वेळ ऊन लागलें, हें एका वहींत टिपून ठेवलें. पुढें कधीं डॉक्टरांकडे जावें लागलें, तर तें टिपण दहा जणांच्या तर्कांहून अधिक उपयोगी पडेल.